वडिलोपार्जित बंदूक पार्सलने पाठवू नये हे खरे. मग ती न्यावी कशी, हेही सांगावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांमध्ये सध्या एक प्रश्न वारंवार ऐकू येतो आणि गेल्या पावसाळ्यात तो आमच्याही घरी येऊन ठेपला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. वाडा विकला जातो, भावाभावांच्या वाटण्या होतात, हंडे, घंगाळी, समया सारे मार्गी लागते आणि शेवटी देवघराच्या भिंतीवरची जुनी बंदूक तेवढी उरते. ती हवी असते बाहेरगावी स्थायिक झालेल्या मुलाला किंवा पुतण्याला आणि तिचे काय करायचे हे ठरवायची वेळ येते इथे मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांवर. अशा वेळी बहुतेकांना सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे पार्सल. तो मार्ग किती धोक्याचा आहे हे सांगावे आणि त्याला पर्याय उपलब्ध करून देण्याची विनंती जिल्हा प्रशासनाला करावी, असा माझा दुहेरी हेतू आहे.

आमच्या घरची बंदूक तोड्याची, म्हणजे पेटत्या दोरीने बार उडवायची आहे. लांबी पाच फुटांहून थोडी अधिक, नळीला पितळी पट्टे, उजव्या अंगाला कान, म्हणजे आतल्या दारूला बत्ती द्यायचे भोक, आणि त्याला लागून रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, छोटी वाटी, वर तोडा धरणारा वाकडा घोडा. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर खंडेनवमीला मी तिला हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहत आले. नळीवरच्या कोरीव वेलीच्या खाचांत ते कुंकू इतके बसले आहे की पुसूनही निघत नाही. शिंद्यांच्या फौजेबरोबर जी घराणी इथे आली, त्यांपैकी अनेकांच्या घरी असे एखादे शस्त्र आजही सापडते. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला, तेव्हा हाती लागलेल्या तोफांचा धातू इंग्रजांनी आपल्या सैनिकांच्या पदकांसाठी आणि कलकत्त्यातल्या स्मारकासाठी वापरला. घराघरांतल्या लांब नळीच्या बंदुका मात्र खुंटीवरच राहिल्या. संस्थानी काळात त्यांच्या नोंदी होत्या की नव्हत्या, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

पुण्याच्या पुतण्याने फोनवर सहज म्हटले, “काकू, कुरिअरने पाठवून द्या ना, चार दिवसांत मिळेल.” माझे दीर पार्सल नोंदवणाऱ्या एका दुकानात चौकशीला गेले. तिथल्या माणसाने वस्तू न पाहताच सांगितले की अर्जावर ‘शोभेची लोखंडी वस्तू’ असे लिहा, किंमत पाचशे रुपये टाका, कोणी विचारणार नाही. भावोजींना ते पटलेही होते. मात्र आमच्या शेजारी राहणाऱ्या, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी बांधाबांध करण्यापूर्वी नळी तपासून घेण्याचा आग्रह धरला. त्यांनी लाकडाची एक सरळ काठी नळीत हलकेच आत सरकवली, तोंडापाशी तिच्यावर खूण केली, काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहिली. काठीचे टोक कानापर्यंत पोचायला हवे होते. ते चांगले चार बोटे अलीकडेच थांबले. म्हणजे आत काहीतरी होते.

आम्ही बंदुकीला हात न लावता ठाण्यात लेखी कळवले. पोलीस लाइनीतल्या शस्त्रकारागिरांनी नळी रिकामी केली, तेव्हा तिच्यातून कापडाचा बोळा, शिशाची गोळी आणि काळ्या दारूचा घट्ट झालेला गोळा निघाला. त्यातली चिमूटभर दारू त्यांनी अंगणात दूर नेऊन पेटवली. ती क्षणात भडकून जळाली. किती पिढ्यांपूर्वी कोणी ती बंदूक ठासून ठेवली होती, देव जाणे. तिच्यासमोर आम्ही दरवर्षी निरांजन ओवाळले, उदबत्त्या लावल्या, लहान मुलांना ती हातात धरायला दिली. हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

काळी दारू कोरडी राहिली तर शे-दीडशे वर्षांनीही पेट घेते, हे यानंतर मी समजून घेतले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ साली तिथल्या यादवी युद्धातला एक तोफगोळा साफ करताना त्याचा स्फोट झाला आणि एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. तो गोळा जवळपास १४० वर्षांपूर्वीचा होता. अशी भरलेली नळी ‘शोभेची वस्तू’ म्हणून खोक्यात घालून दिली असती, तर ती हमालांच्या डोक्यावरून, ट्रकच्या टपावरून, कदाचित विमानाच्या पोटातून गेली असती आणि ती हाताळणाऱ्यांपैकी एकालाही तिची कल्पना नसती. ज्यांच्या घरी ठासणीची किंवा तोड्याची बंदूक आहे त्यांनी ती पाठवण्याचा विचार पुढे ढकलून आधी नळी जाणकाराकडून तपासून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. लोखंडी सळई आत घालू नये, नळीच्या तोंडासमोर उभे राहू नये आणि आत काही आहे असे वाटले तर ते स्वतः काढायला जाऊ नये.

आता कायद्याविषयी. या बाबतीत सुशिक्षित घरांतही मोठा गैरसमज आहे. ‘शंभर वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे परवाना लागत नाही’ असे सर्रास बोलले जाते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सवलत आहे खरी, पण ती दुरुस्तीविना किंवा दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नयेत, अशी अट त्याच वाक्यात आहे. तोड्याची बंदूक मुळात इतकी साधी असते की नळी शाबूत असल्यास एखादा कसबी लोहार ती दिवसभरात चालती करील. त्यामुळे नुसत्या वयावर ही सवलत मिळेल असे गृहीत धरता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने पुरावस्तू म्हणून मोडणारी जुनी शस्त्रे बाळगण्यासाठी भारतीय नागरिकांना परवान्याची गरज नाही असे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण अशी शस्त्रे वापरायची, बरोबर न्यायची किंवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवायची असतील तर परवाना लागेल, हेही त्याच वेळी स्पष्ट केले गेले होते. म्हणजे बंदूक भिंतीवर टांगलेली असते तोवर एक नियम आणि तिने उंबरठा ओलांडला की दुसरा. ही गोष्ट आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हती आणि त्या पार्सलवाल्यालाही माहीत असावी असे वाटत नाही.

परवान्यावरचे शस्त्र दुसऱ्याच्या नावावर करायचे असेल तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, हेही या ओघात सांगायला हवे. परवान्याविना अग्निशस्त्र बाळगण्याच्या किंवा नेण्याच्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून साधारणपणे किमान दोन वर्षांची कैद आहे. इंटरनेटवर अमेरिकेची माहिती वाचून इथे तिचा दाखला देणाऱ्यांनी विशेष जपावे. तिथे १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र ‘पुरातन’ ठरते आणि संघराज्याच्या शस्त्रनियमांतून बरेचसे सुटते, तरीही खासगी पार्सल कंपन्या स्वतःचे वेगळे निर्बंध लावतातच. आपल्याकडे असे एकच साल पाहून पार्सल पाठवण्याची मोकळीक नाही. परदेशातल्या नातेवाइकांना असे शस्त्र पाठवण्याचा विचार तर मनातही आणू नये, कारण शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

खोटे लिहून पाठवल्याने काय होते, हे आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने सोसले आहे. त्यांचे पार्सल दुसऱ्या शहरात विमानतळावरील तपासणीत अडकले. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर नळी दिसते, तिचे वय दिसत नाही. तपासणाऱ्याने ते अडवले यात त्याची काही चूक नाही. त्यानंतर जबाब, हमीपत्रे, त्या शहराच्या तीन वाऱ्या आणि वयाच्या सत्तरीत ‘आरोपी’ हा शब्द ऐकण्याची पाळी. वर्तमानपत्रांत गुंडाळलेला बंदुकीचा लाकडी दस्ता तोवर मधोमध दुभंगला होता. भरपाई मागायलाही तोंड उरले नव्हते, कारण कागदावर वस्तू वेगळी आणि किंमत नाममात्र लिहिलेली. माल नोंदवताना दिलेली माहिती खरी असण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावरच असते. ‘असे लिहा’ म्हणून सुचवणारा दुकानदार त्या वेळी आपल्या शेजारी उभा नसतो. पार्सल कंपन्यांनी आपल्या नोंदणी दुकानदारांना हा सल्ला देण्यापासून सक्त मनाई करावी आणि निषिद्ध वस्तूंच्या यादीत ‘जुनी, शोभेची किंवा पूजेतली अग्निशस्त्रेसुद्धा’ असे शब्द मराठी-हिंदीत ठळकपणे लावावेत.

पण लोक खोटे लिहितात ते केवळ निष्काळजीपणाने नव्हे, हेही प्रशासनाने समजून घ्यावे. खरे सांगायला गेलेल्या माणसाला वाट सापडत नाही. आम्ही शस्त्र शाखेत गेलो तेव्हा आधी परवाना विचारला. तो नाही म्हटल्यावर ठाण्यात जायला सांगितले, ठाण्यातून पुन्हा शस्त्र शाखेकडे. बंदूक कायद्याच्या कोणत्या कप्प्यात बसते हे ठरवणार कोण, याचे उत्तर दोन महिने मिळाले नाही. कोणी उद्धटपणे वागले नाही. त्यांच्यापुढे या प्रकरणासाठी ठरलेली पद्धतच नव्हती. अशा हेलपाट्यांना कंटाळून काही घरांनी बंदुका भंगारवाल्याला वजनावर दिल्या आहेत. काहींनी ठाण्यात जमा केल्या, पण मुदतीत परत न नेलेले शस्त्र सरकारजमा होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. कोफ्तगारीची, म्हणजे सोन्याचांदीच्या तारेने नक्षी केलेली नळी लोखंडाच्या भावाने जावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझी विनंती अशी आहे की जिल्हाधिकाऱ्यांनी महिन्यातून एक दिवस ठरवून पोलिसांचे शस्त्रकारागीर आणि गुजरी महालातील शासकीय संग्रहालयाचे जाणकार यांना एकत्र बसवावे. लोकांनी शस्त्राची छायाचित्रे आणि अर्ज आधी द्यावा, कारागिरांनी ठरल्या वेळी घरी येऊन नळी रिकामी असल्याची खात्री करावी आणि वर्णन, लांबी, ठसे, छायाचित्र यांसह एक प्रमाणपत्र मिळावे. त्याच प्रमाणपत्राच्या आधारे, पाठवण्याची परवानगी कोणाकडून घ्यायची, किती दिवसांत मिळेल आणि शस्त्र स्वतः न्यायचे की परवानाधारक विक्रेत्यामार्फत, हे लेखी कळावे. ज्यांना शस्त्र ठेवायचेच नाही, त्यांना ते नष्ट होण्यापूर्वी संग्रहालयाला देऊ करण्याची सोय असावी. यासाठी नवा कायदा लागणार नाही आणि खर्चही फारसा नाही.

आमची बंदूक सध्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवलेली आहे. पुतण्याला मी सांगितले आहे की परवानगी मिळाली तरच ती पुण्याला येईल, नाहीतर ग्वाल्हेरातच राहील, आणि त्याने ते मानले आहे. ठेवीच्या पावतीवर ‘एक नग लांब लोखंडी नळी, लाकडी दस्त्यासह’ एवढेच लिहिलेले आहे. तिथे तोड्याची बंदूक असा स्पष्ट उल्लेख व्हावा आणि पितळी पट्टे, कोरीव वेल व कानाजवळचा ठसा यांची छायाचित्रासह नोंद व्हावी, असा दुसरा अर्ज मी या सोमवारी दिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर