लॉनसाठी नदीचे पाणी आणि गाळणीची मर्यादा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आनंदवल्ली-सोमेश्वर परिसरात नदीकाठच्या काही बंगल्यांतून गोदावरीच्या पात्रात मोटारीचे पाइप उतरतात. पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी गवतावर ओतण्यापेक्षा नदीचे पाणी गाळून वापरलेले बरे, असे त्यावर सांगितले जाते आणि ते अगदीच चुकीचे नाही. हजार चौरस फुटांच्या लॉनला भर उन्हाळ्यात रोज सुमारे 500 लिटर पाणी लागते. दरडोई 135 लिटरचा शहरी निकष धरला, तर ही जवळजवळ चार माणसांची गरज झाली.

मात्र ‘गाळून’ या शब्दावर फार भिस्त ठेवली जाते. नदीचे पाणी कसे गाळावे, हे आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांना चांगले ठाऊक आहे. फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातील टोकाची झडप) तळाच्या गाळापासून वर आणि पाणवेलींच्या खाली अधांतरी ठेवायचा, शेवाळासाठी आधी वाळूचा सँड फिल्टर व त्यानंतर जाळीचा स्क्रीन किंवा चकत्यांचा डिस्क फिल्टर लावायचा, आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या गेजमधील दाबाचा फरक चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोच्या वर गेला की बॅकवॉश द्यायचा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवायचा. बंगल्यांत बहुधा एकच प्लास्टिकचा स्क्रीन फिल्टर बसवलेला असतो. चार-आठ दिवसांनी तो उघडला की जाळीवर हिरवट, लिबलिबीत थर हाताला लागतो आणि तोवर स्प्रिंकलरची तोंडे बुजलेली असतात.

ही सारी व्यवस्था चोख ठेवली, तरी तिच्यातून गाळ, शेवाळ आणि कचराच अडतो. सांडपाण्यातील जंतू, साबणाचा अंश आणि विरघळलेले क्षार 120 मेशच्या (इंचाला 120 छिद्रांच्या) जाळीतून सहज पलीकडे जातात. त्यामुळे नासर्डी किंवा वाघाडीसारख्या सांडपाणी मिसळणाऱ्या प्रवाहांचे पाणी, कितीही नितळ दिसले तरी, जिथे मुले अनवाणी खेळतात त्या गवतावर तुषारांनी उडवणे धोक्याचे आहे, कारण ते बारीक तुषार श्वासावाटेही शरीरात जातात.

शिवाय कालव्यातून किंवा अधिसूचित नदीतून पाणी उचलायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. ज्या नदीवर शेती आणि पिण्याचे पाणी अवलंबून आहे, तिच्यावर लॉनचा हक्क सर्वांत शेवटचा मानला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. (पावसाळ्यात पाणी मुबलक असते, पण तेव्हा लॉनला ते नको असते!)

तेव्हा विभागाने घरगुती उपशाचे नियम आणि बंदीचा काळ सोप्या मराठीत जाहीर करावा. महापालिकेनेही तपोवन व आगरटाकळी येथील मलनिस्सारण केंद्रांतील प्रक्रिया केलेले पाणी निर्जंतुक करून, त्याचे तपासणी अहवाल प्रसिद्ध करून, बागांसाठी टँकरने माफक दरात द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक