कोथरूडच्या सलूनमधील अनोळखी मदतनीसांचे आभार

आमचा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. मशीनची घरघर, मानेवर टोचणारे बारीक केस, पाण्याचा अचानक येणारा फवारा आणि आरशांतील झगझगीत दिवे हे सगळे त्याला एकदम असह्य होते. म्हणून गेली दोन वर्षे तो झोपल्यावर आम्हीच कात्री चालवत होतो (तिचा परिणाम शाळेच्या छायाचित्रांत दिसतोच).

मागच्या मंगळवारी सकाळी, सोमवारच्या सुट्टीनंतर दुकान नुकतेच उघडले असताना, आम्ही धीर करून कोथरूडमधील एका सलूनमध्ये गेलो. ज्या कारागिरांनी बंद मशीन आधी त्याच्या हातात दिले, ते त्याला नको आहे हे ओळखून केवळ कात्रीने काम केले, अंगावर कापड न घालता त्याचा जुना सदराच चालवून घेतला आणि प्रत्येक वेळी कात्री लावण्यापूर्वी दहापर्यंत मोजून मध्ये थांबण्याची मुभा दिली, त्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत. न सांगता टीव्ही बंद करणाऱ्या मदतनीस मुलाचे, तसेच आपला नंबर सोडून बाहेर बाकावर जाऊन बसलेल्या आजोबांचेही आभार.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, हे त्या तिघांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे. ‘हट्टी आहे’ असे मात्र कोणीही म्हटले नाही, आणि आम्हाला ते इतरत्र अनेकदा ऐकावे लागले आहे.

गडबडीत नावे विचारायची राहून गेली. उजव्या कानामागची एक बटही राहिली आहे; तिच्यासाठी पुढच्या महिन्यात, मंगळवारीच, पुन्हा येऊ.