मनूस, मंगळाच्या पुस्तकाबद्दल

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि मला झोप लागेना, म्हणून तुझ्या कपाटातलं एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाचं मंगळावरचं ते पुस्तक काढलं, 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स'. असलं काही मी जन्मात वाचलं नव्हतं. पण गोष्ट सुरू कुठे होते, तर तू आहेस त्या ॲरिझोनात! जॉन कार्टर आणि त्याचा मित्र तिथल्या डोंगरात सोनं शोधतात, मित्र एकटाच खाली जायला निघतो आणि मारला जातो. एकटाच, मनू. तिथेच पुस्तक मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मात्र राहवेना. कार्टर मंगळावर पोचतो, तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, म्हणून हा गडी उड्या मारत सुटतो, तेव्हा आपलं अंगण आठवलं. आठवीत होतीस. तुळशीपासून उडी मारून तू खडूने रेघ ओढलीस आणि मग पार फाटकाजवळ दुसरी, 'ही माझी मंगळावरची उडी' म्हणून. नंदामावशीला मी अजून ते सांगते. लॉवेल या खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर दिसलेले कालवे खरे नव्हतेच, १९६५ साली मरीनर-४ यानाच्या फोटोंत नुसते खड्डे निघाले, हेही तूच बाबांना जेवताना समजावलं होतंस. ते वाढलेलं ताट विसरून ऐकत बसले होते.

१९१२ साली ही गोष्ट स्वस्त कागदाच्या मासिकात फेब्रुवारी ते जुलै क्रमशः आली म्हणे. लोकांनी मधले महिने कसे काढले असतील! कार्टर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या फौजेतला, त्याचं लेखकाला कौतुकच आहे, आणि अमेरिकेतल्या मूळ लोकांबद्दल जे लिहिलंय ते मला वाचवलं नाही. तरी सोलासाठी, मंगळावरच्या हिरव्या लोकांतल्या त्या मुलीसाठी, वाचत राहिले. या लोकांत अंड्यातून बाहेर आलेलं पोर हाताला लागेल त्या बाईने उचलायचं, आई कोण, बाप कोण, कुणाला पत्ता नाही. सोलाच्या आईने आपलं अंडं वर्षानुवर्षं लपवून जपलं, आणि पकडली गेल्यावर हालहाल सोसले पण बापाचं नाव सांगितलं नाही. आपला बाप टार्स टार्कस हे सोलाला ठाऊक, त्याला मात्र हीच आपली मुलगी हे ठाऊक नाही. तिथे फार रडले मी. ही उड्यांची आणि तलवारींची गोष्ट आहे असं तू सांगायचीस, हे का नाही सांगितलंस?

शनिवारी पुन्हा तिथल्या डोंगरात जाणार म्हणालीस. २०२३ साली ॲरिझोनातल्या फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता. तिथे पाणी संपलं की माणसाला हाक मारायचंही त्राण राहत नाही. निघताना कुणाला तरी वाट सांगून जावं, रेंज नसेल हे धरूनच चालावं, दुपारच्या आत माघारी फिरावं... बघ, पुन्हा सुरू झाले. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, रागावू नकोस. तुला वाळवंट माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तू तिथवर पोचलीस याचा मला केवढा अभिमान आहे ते फोनवर बोलता येत नाही. पण संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही की मला दुसरं काही सुचत नाही.

शेवटी मंगळावरची हवा संपत येते. कार्टरची बायको मंगळावरची राजकन्या, तिने घातलेलं त्यांचं अंडं सोन्याच्या पेटीत उबतंय, ती तिथेच, आणि हा जागा होतो तो ॲरिझोनात! तो परत पोचतो की नाही ते सांगू नकोस. दुसरा भाग माळ्यावरच्या कुठल्या खोक्यात आहे तेवढं सांग. आणि शनिवारी बरोबर कोण आहे, तेही.

तुझी,
आई