विद्यास, सुषमाच्या रिपोर्टबद्दल

फोंडा, रविवार रात्र

प्रिय विद्या,

आईचे गुडघे तसेच, माझा बीपी गोळीवर आहे, बाकी सगळे ठीक.

सुषमाचं परत गेलं गं. तिसऱ्यांदा, नवव्या आठवड्यात. चवथीला माटोळीखाली सगळे जमले की सांगायचं ठरवलं होतं, त्याच्या आधीच. मग दत्ता तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथं हातातलं रक्त तपासलं आणि सांगितलं की तुमच्या एनके पेशी, म्हणजे 'नॅचरल किलर' नावाच्या पांढऱ्या पेशी, वाढल्यात, त्या गर्भावर हल्ला करतात. उपाय काय, तर दत्ताच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला टोचायच्या आणि दिवस राहिले की इंट्रालिपिडचं सलाइन लावायचं. घरी आली, विळीवर नारळ खवायला बसली आणि मान वर न करता मला विचारते, "ताई, म्हणजे मीच मारलं त्यांना?"

हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू? टीवायला सरांनी फळ्यावर 'प्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचं सैन्य' असं लिहिलं, तेव्हा तू उठून म्हणालीस, "सैन्य असतं तर बाळ नऊ महिने टिकलंच नसतं, सर." तास संपला तरी तुझा वाद संपेना. मुद्दा तुझा बरोबर होता, पण कँटीनची पातळभाजी संपली ती संपलीच, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

त्या रात्री मी सुषमाला जवळ बसवून जे सांगितलं ते लिहिते. वाच, तुझ्या हातात लाल पेन असतंच.

तिला म्हटलं, अर्धा बापाचा असलेला गर्भ आईचं शरीर परका म्हणून टाकून का देत नाही, हा प्रश्न पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये विचारला. त्याला वाटलं होतं आईच्या पेशी तिथं पोचत नसतील, नाहीतर गप्प बसत असतील. प्रत्यक्षात सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपिशवीच्या अस्तरात जेवढ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या सुमारे ७० टक्के याच एनके. दिवस राहोत न राहोत, दर महिन्याला पाळीच्या आधी त्या तिथं वाढतात. पण त्या रक्तातल्या एनकेंसारख्या नव्हेत. मारण्याचं काम त्या जवळजवळ करतच नाहीत. वारेच्या पेशी आत शिरतात तेव्हा त्यांच्याशी मिळून त्या आईच्या नागमोडी धमन्यांचा स्नायू सैल करून तोंड रुंद करतात, म्हणजे कुळागरात पाटाचं पाणी येतं तसं रक्त भरपूर आणि संथ येतं. उंदरांच्या ज्या जातीत या पेशीच नसतात, त्यांच्या धमन्या अरुंद राहतात.

आणि विद्या, दवाखान्याचं सगळं गणित उलटं आहे ते इथं. २००४ मध्ये केंब्रिजच्या ॲशली मॉफेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आईच्या एनके पेशींवरचे काही ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खुणा ओळखणारी प्रथिनं) आणि गर्भाकडून आलेलं एचएलए-सी, म्हणजे पेशीवरची ओळखखूण, यांची अशी जोडी जमली की त्या पेशी जास्त दबतात, आणि मग प्रीएक्लाम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजाराचा, धोका वाढतो. पेशी दबल्या की त्रास, आणि हे लोक त्या दाबायचं औषध देणार! तेही हातातल्या रक्तावरून, ज्यातला एनकेंचा आकडा जिना चढून आलं तरी बदलतो. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेलाचं पांढरं मिश्रण, तोंडाने खाता येत नाही अशा रुग्णाच्या पोषणासाठीचं. नवऱ्याच्या पेशी टोचण्याचा उपाय तर १९९९ मध्येच कॅरोल ओबर यांच्या चाचणीत फसला, फायदा दिसला नाही. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर तो थांबवला.

खरा संताप याचा की जे तपासायला हवं ते कुणी तपासलंच नाही. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं, म्हणजे रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं, बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा पाहायची असतात, आणि निघाली तर ॲस्पिरिन-हेपॅरिनचा उपचार आहे. फाइलमध्ये त्याचा कागदच नाही. थायरॉइड नाही, पिशवीचा आकार नाही. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्याच गुणसूत्रांत गडबड असते, त्यात आईचा काय दोष, हेही तिला कुणी सांगितलं नाही. दत्ता म्हणतो पैसे मी देतो, तू कशाला मधे पडतेस. मी मधे पडणार. आई म्हार्दोळला कौल लावून आली, उजवा आला म्हणते. आनंद आहे, पण कौलाने दत्ता ऐकत नाही.

तिला एकच आकडा मी दोनदा सांगितला. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत, कारण न सापडता तीन किंवा जास्त वेळा गर्भ गेलेल्या ज्या बायकांना औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांच्यातल्या १०० पैकी ६३ जणींना पुढच्या खेपेला मूल झालं. ती रडली, मग म्हणाली, विद्याताईला विचारा, तिचं ऐकीन.

म्हणून तू तिला फोन कर. दत्ताला नव्हे, तिलाच. शनिवारी तो पणजीला असतो, दुपारी कर. तपासण्यांची यादी तुझ्या अक्षरात लिहून फोटो पाठव, तुझं अक्षर डॉक्टरांत एकटं वाचता येण्यासारखं आहे. पैसे भरायची तारीख पुढच्या सोमवारची आहे.

तुझं नवीन घर, मुक्ताची दहावी, सासूबाईंचा मोतीबिंदू सगळं ऐकायचंय. डिसेंबरात जत्रेला याल ना?

तुझी,
नीला