जबड्याच्या ऑपरेशननंतर उशाशी बसणाऱ्यांचे आभार

जबडा सरळ करण्याच्या ऑपरेशननंतरचे पहिले 48 तास तुम्ही जागून काढलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उशा रचून डोकं उंच ठेवलंत, बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून 20 मिनिटं लावलीत, तेवढाच वेळ बाजूला ठेवलीत. डाळीचं पाणी दोनदा गाळणाऱ्यांचे विशेष आभार. जिऱ्याचा एक दाणा ब्रेसेसमध्ये अडकला तरी जीव कासावीस होतो. ओठ बधिर, चटका कळत नाही, म्हणून प्रत्येक वाटीतला थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिलात. सिरिंजला मऊ नळी लावून गालाच्या आतून थोडं थोडं भरवलंत, प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबलात. ऑपरेशनमध्ये ज्यांचा वरचा जबडा सरकवला, त्यांना नाक शिंकरू दिलं नाहीत. आणि उलटी झाली तर श्वास अडकू नये म्हणून जबडे रबरबँडने बांधलेल्यांच्या उशाशी ते रबर कापायला कात्री ठेवलीत, तारेने बांधलेल्यांसाठी तार कापायचा कटर.