फेब्रुवारीत येणं जमणार नाही

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

सुमीच्या लग्नाला मला येता येणार नाही. आई, आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

कॅनडात उत्तर ऑन्टारिओतल्या या रिझर्व्हला, म्हणजे इथल्या आदिवासींसाठी राखलेल्या वस्तीला, बारमाही रस्ता नाही. एरवी विमानच. तळी-नद्या कडक गोठल्या की मार्चपर्यंत बर्फावरून ट्रक येतात. वर्षभराचं लाकूड, खिडक्या, इन्सुलेशन तेवढ्यातच आणायचं. हल्ली थंडी कमी पडते, त्यामुळे तेही दिवस आखडलेत. म्हणून फेब्रुवारीत इथून हलता येत नाही.

बाबा, तुमचा जन्म आयटीआयत गेला, म्हणून तुम्हाला हे सांगते. इथली बरीच घरं बाहेरच्या ठेकेदारांनी उन्हाळ्यात येऊन उभारली आणि ते गेले. भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूला प्लास्टिकचा पडदा लावतात. त्याचे सांधे नीट बंद केले नाहीत तर घरातली दमट हवा भिंतीत शिरते, गार होऊन तिचं पाणी होतं आणि बुरशी धरते. त्यात माणसं दाटीवाटीने राहतात. २०२१च्या जनगणनेत रिझर्व्हवरच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना घर अपुरं पडत होतं. जमीन सरकारच्या नावावर, म्हणून घर गहाण ठेवून कर्ज मिळणंही अवघड.

आता गावचीच मुलं सुतारकाम शिकताहेत. पुरा सुतार व्हायला इथे सुमारे ७,२०० तास लागतात, बहुतेक प्रत्यक्ष कामावरचे. गणितापायी शाळा सोडलेला एकजण घराच्या पायाचा काटकोन दोरीने ३-४-५ मापाचा त्रिकोण आखून काढतो. हाच तो पायथागोरस, असं सांगितल्यावर माझ्यावरच उखडला: मग शाळेत दोरी का नाही दिली हातात?

या उन्हाळ्यात ती शिक्षकांसाठी घरं बांधणार आहेत. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच काम. गावातली शाळा आठवीपर्यंत. पुढचे वर्ग काढायचे तर शिक्षक हवेत, आणि राहायला जागा नसेल तर कोण टिकेल? तोवर चौदा वर्षांची पोरं दूर थंडर बे शहरात परक्यांच्या घरी राहून शिकतात. उत्तरेकडून अशी शिकायला गेलेली सात मुलं २००० ते २०११च्या दरम्यान तिथे दगावली. सरकार-चर्चच्या निवासी शाळांत लहानपणी घरच्यांपासून तोडून नेलेले आजी-आजोबा इथे अजून आहेत. त्यांना ‘मुलं बाहेर पाठवा’ म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

सुमीला वेगळं लिहिते. बाबा, जिन्याच्या पायऱ्या आखायची तुमची जुनी वही सापडली तर पानांचे फोटो पाठवा. इथल्या पुस्तकातली आकृती पोरांच्या डोक्यात शिरत नाहीये.

तुमची,
मनू