यंदा किल्ली आईकडे द्या

एडमंटन, रविवार, २७ सप्टेंबर २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मायना बरोबर जमलाय का ते नंतर सांग. सहावीत असताना सांगली सुटली, त्यामुळे एवढाच येतो. फोनवरही बोलता आलं असतं. पण तुमच्या हिवाळ्यातल्या ॲरिझोनाच्या प्रवासाचा आणि गाडी कोणी चालवायची हा विषय निघाला की बाबा विनोद करतात, तू चहा टाकायला उठतेस आणि माझं बोलणं तिथेच राहतं. म्हणून हा कागद. बाबा, शेवटपर्यंत वाचा, मधेच चष्मा काढून ठेवू नका.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी तुम्ही पाहुण्यांना मागच्या वर्षीची गोष्ट सांगितलीत. मोंटाना-आयडाहोच्या सीमेवरच्या मोनिडा घाटाआधी तुम्हाला चक्कर आली, तुम्ही मोटरहोम ट्रकथांब्यावर घेतली आणि दोन रात्री तिथेच काढल्या. बर्फात अडकलेल्या एश्टीची गंमत म्हणून सांगितलीत आणि सगळे हसले. मी आत जाऊन मोदकांची भांडी घासत बसले, कारण ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या दिवसांत माझे तुम्हाला दोन फोन झाले होते. "हवा खराब आहे, थांबलोय" एवढंच तुम्ही म्हणाला होतात.

उरलेली गोष्ट, आई, तू सांगितलीस, पुरणाचं पातेलं पुसता पुसता. रात्री दोन वाजता तू ड्रायव्हरच्या खुर्चीत जाऊन बसलीस. बाबांची तब्येत बिघडली तर डिलन गावापर्यंत मागे गाडी न्यावी, असं तुझ्या मनात होतं. किल्ली हातात होती, पण हँडब्रेक सापडेना. कोरोलात तो हाताशी असतो, या गाडीत पायाशी, डाव्या कोपऱ्यात. हे तुला कोणीच सांगितलं नव्हतं. पाच हिवाळे तू त्या गाडीतून गेलीस आणि पाचही हिवाळे शेजारच्या खुर्चीत नकाशा धरून बसलीस.

बाबा, मला राग आला तो त्या हँडब्रेकचा. चक्कर कोणालाही येते. पण आई १९९८ पासून कॅलगरीच्या बर्फात गाडी चालवते. मला पोहायला नेलं, तुमच्या नाइट शिफ्टला डबा पोचवला, आणि आजवर एकदाही कुठे ठोकली नाही. तुमच्याबद्दल एवढं बोलता येत नाही, गॅरेजच्या दाराला विचारा. आपल्या अल्बर्टात या दोन आसांच्या मोटरहोमला वेगळं लायसन्स लागत नाही. तुमच्याकडे आहे तेच पाचव्या वर्गाचं आईकडेही आहे. मग अडलंय कुठे? गाडीला तुम्ही हौसेने एश्टी म्हणता, स्वतःला ड्रायव्हर आणि आईला कंडक्टर. आई डबल बेल दिल्यासारखं "जाऊ द्या" म्हणते, तेव्हा मलाही हसू येतं. पण खऱ्या एसटीत आता बायका ड्रायव्हर आहेत, आणि आपली एश्टी अजून जुन्याच जमान्यात आहे.

तुम्ही जाऊच नका, असं मी म्हणत नाहीये. आधी म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी तर भांडलेच होते, की नातवंडं इथे आणि तुम्ही वाळवंटात दगड गोळा करत बसता. मग जानेवारीत मी ॲरिझोनात तुमच्याकडे क्वार्ट्झसाइटला आले. ला पोसाच्या त्या मोकळ्या माळावर आई एका फ्रेंच बोलणाऱ्या बाईला थालीपीठ थापायला शिकवत होती, भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. बाबा सकाळी सातला अर्ध्या बाहीच्या शर्टात बाहेर, गुडघ्याला पट्टा नाही. त्याच दिवशी एडमंटनला उणे एकतीस होतं. गाव म्हणावं तर दोन-तीन हजार वस्तीचं, आणि हिवाळ्यात नजर जाईल तिकडे गाड्याच गाड्या. तुम्ही मला हाय जॉलीचा पिरॅमिड दाखवायला नेलंत. अमेरिकी लष्कराने १८५६ मध्ये वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा हाजी अली. नाव कोणाला नीट म्हणता आलं नाही म्हणून हाय जॉली झालं, आणि वारल्यावर त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड चढला, वर पत्र्याचा उंट. किर्लोस्करवाडीहून आलेल्या आणि ऑफिसात आडनावाचे सतरा उच्चार ऐकलेल्या माणसाला तिथे इतका वेळ उभं राहावंसं का वाटलं, ते मी तेव्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून "जाऊ नका" हा शब्द मी सोडला.

तर आता यंदाचं. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. "दिवाळी करूनच निघू" हे आईचं म्हणणं मला कळतं, पण मागच्या वर्षी दिवाळी लवकर होती, भाऊबीज करून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालात आणि तरी बर्फात सापडलात. मोनिडा ६,८०० फुटांच्या वर आहे. नोव्हेंबरच्या मध्यात तिथे जाणं म्हणजे मुद्दाम पाय घसरायला जाणं. त्यापेक्षा २० ऑक्टोबरला निघा. त्या दिवशी दसरा आहे. सकाळी पाटीपूजन करा, गाडीला हार घाला आणि संध्याकाळी कुट्सच्या सीमानाक्यावर सीमोल्लंघन. याहून खरं सीमोल्लंघन आपल्या घराण्यात कोणी केलं नसेल. सोनं म्हणून आपट्याची पानं मात्र नेऊ नका, सीमेवरचा अधिकारी काढून घेईल. परत या पाडव्याला, ७ एप्रिलला. बाबा, दिवस तुम्ही मोजालच, पण मीही मोजलेत: दोन्ही टोकं धरून १७०. अमेरिकेत राहायची १८२ दिवसांची मर्यादा ओलांडत नाहीत आणि अल्बर्टाच्या आरोग्य कार्डासाठी लागणारे इथले १८३ दिवस भरतात. तीस दिवसांहून जास्त राहायचं तर नोंदणी लागते, तेव्हा सीमेवर आय-९४, म्हणजे अमेरिकेत आल्याची नोंद, मागून घ्या, "नेहमीचेच आहोत" म्हणून पुढे जाऊ नका. दिवाळी तिकडेच होऊ दे. कंदील छत्रीच्या दांडीला टांगा, चकल्या बाहेरच्या शेगडीवर तळा. वास गेला की शेजारी आपोआप येतील.

आता गोळी. बाबा, औषधाच्या पिशवीवरची तारीख मी बघितली. ९ जुलैला बीपीची गोळी बदललीय आणि तुम्ही आम्हाला कळवलं नाहीत. तुमच्या प्रवास विम्यात ९० दिवस औषधात बदल नको, असं कलम आहे. दसऱ्यापर्यंत १०३ दिवस होतात, म्हणजे बसतंय. पण चक्कर वाटली की गोळी अर्धी करायची तुमची जुनी खोड आहे, तीही बदलच धरतात. वाढवली काय, कमी केली काय, मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. पार्करचं हॉस्पिटल तुमच्या माळापासून सुमारे ५५ किलोमीटर, आणि तिकडचं बिल डॉलरमध्ये येतं, आपल्या नाही, त्यांच्या. चक्कर आली तर डॉक्टरांना फोन करा, सुरी हातात घेऊ नका. विम्याचा अर्ज भरताना मागच्या वर्षीची चक्करही लिहायची. पाहुण्यांना सांगता येते तर कंपनीलाही सांगता येईल.

बाकी रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा माहीत आहे. लेथब्रिज ते शेल्बी वाऱ्याचा अंदाज बघून निघा, उंच गाडीला आडवा वारा कसा ढकलतो ते मी पाहिलंय. पाणी यूटातल्या सेंट जॉर्जच्या आधी भरू नका, तोवर पाइप गोठू नयेत म्हणून घातलेलं गुलाबी अँटीफ्रीझच राहू दे आणि प्यायला कॅन वापरा. तुमच्या त्या मोटरहोमवाल्या मित्रांचा ३३० चा नियम मला आवडतो: ३३० मैल झाले किंवा दुपारचे साडेतीन वाजले, जे आधी होईल तिथे मुक्काम. मागच्या वर्षी तो पाळला असता तर संध्याकाळी सहाला घाटाच्या तोंडाशी नसतात.

मी ४ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी आठला कॅलगरीला पोचते. शनिवारी रात्री रेड डीअरला मैत्रिणीकडे राहणार आहे. मॉलमागचं पार्किंग तेव्हा रिकामं असतं. आई चालवेल, मी शेजारी बसेन, बाबा मागे टेबलापाशी बसतील आणि बोलणार नाहीत. आधी पायाचा ब्रेक. मग वळण, कारण मागची चाकं सोडून उरलेलं शेपूट किती बाहेर फेकलं जातं ते कोरोलाला माहीत नसतं. मग गिअरच्या दांडीवरचं टो-हॉलचं बटण, उतारावर इंजिननेच वेग धरायला. ते जमलं की हायवेने नॅन्टनपर्यंत आणि परत. पुढच्या रविवारी पुन्हा. व्हर्जिन नदीची घळई बाबांनीच चालवावी, ती त्यांची लाडकी आहे. आयडाहोचं सपाट मात्र आईचं.

आई, "मला नाही जमायचं गं" हे तू १९९८ मध्येही म्हणाली होतीस, त्या जुन्या गाडीत बसताना. तेव्हा मी मागच्या सीटवर होते, ऐकलंय.

तुमची,
ठमी

ता. क. आई, कढीपत्त्याची कुंडी मीच एडमंटनला आणते. सीमेवर ताजी पानंही चालत नाहीत आणि मातीची कुंडी तर नाहीच. कढीपत्त्यावर बसणारी एक बारीक कीड लिंबू-संत्र्यांचा रोग पसरवते, आणि तुमच्या ॲरिझोनातल्या माळाजवळच्या युमात लिंबाच्या बागा आहेत. मागच्या वेळी सीमेवर भेटलेला अधिकारी तुला वाटला तसा खडूस नव्हता. वाळवलेली पानंही नेऊ नकोस. हिवाळाभर फोडणीला जिरं-मोहरीवर भागव, परत आलीस की फांदी काढून ठेवते.